मित्राच्या लॉगबुकात माझा आवडता सिनेमा

ज्या सिनेमाच्या नावानं मी चाळीस वर्षं शिट्ट्या मारत आलो, तो गेल्या उन्हाळ्यात मी पुन्हा पाहिला आणि संपल्यावर मला अंघोळ करावीशी वाटली. केलीही. दुपारचे चार वाजले होते, नागपूरचा मे महिना होता, टाकीतल्या पाण्यात चहापत्ती टाकली असती तर चहा झाला असता, तरी केली. बायकोनं बाहेरून विचारलं, "आता कायले आंघोळ?" मी आतून म्हटलं, "एका हिरोचा हात लागला."

या सगळ्याला माझा एक मित्र कारणीभूत आहे. शाळेपासूनचा. कोराडीच्या वीज केंद्रात त्यानं चौतीस वर्षं कंट्रोल रूममध्ये काढली. समोर भिंतभर मीटर आणि दिवे. दर तासाला खुर्चीतून उठायचं, एकेक मीटर पाहायचं, आकडा तक्त्यात लिहायचा. मध्येच एखादा दिवा लुकलुकला आणि घंटा वाजली, तर बटण दाबून घंटा गप्प करायची आणि लगेच जाऊन पाहायचं, काय बिघडलं ते. "बटन दाबल्यानं घंटा बंद होते, बिघाड नाई होत," हे त्याचं एकमेव सुभाषित. मुंजीत, साखरपुड्यात, मयतीत, कुठंही तो ते ऐकवायचा, आणि आश्चर्य म्हणजे तिन्ही ठिकाणी ते लागू पडायचं.

पण या माणसानं सिनेमा पाहिलेला नव्हता. तिरस्कार वगैरे काही नाही. त्याला एका जागी बसताच यायचं नाही. नागपुरात अठ्ठावन्न वर्षं राहून सिनेमा न पाहिलेला माणूस म्हणजे मला डबक्याला घाबरणारी म्हैस वाटायचा.

पाहिला नव्हता म्हणजे अर्धा पाहिला होता, आणि त्या अर्ध्याचं पाप माझ्याकडेच जातं. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. मी उत्साहानं सीताबर्डीवरच्या एका टॉकीजची तीन तिकिटं काढली. नवऱ्या-नवरीसोबत तिसऱ्यानं जाऊ नये, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. सिनेमा माझा सगळ्यात लाडका, तेव्हा पुन्हा लागलेला. एकच केलं, मी मागच्या रांगेत बसलो.

ते टॉकीज आता नाही, पण माझ्या नाकात ते अजून उभं आहे. फरशीवर काय सांडलेलं असायचं देव जाणे. चप्पल उचलली की चर्र असा आवाज व्हायचा, जणू फरशी म्हणतेय, थांब थोडा वेळ. खुर्चीखाली हात घातला तर बोटाला चिकटणारं काहीतरी मऊ लागायचं, आणि ते गरम असायचं, म्हणजे ताजं. भिंतीत मोठाले कूलर बसवलेले. त्यांच्यातल्या ओल्या वाळ्याच्या खसाला इतका कुबट वास, की वारा आला तरी माणसं श्वास धरून बसायची. मला ते सगळं प्रिय होतं. किळस आल्याशिवाय तिकीट वसूल झाल्यासारखं वाटायचं नाही.

सिनेमा सुरू होऊन बरोबर एक तास झाला आणि माझा मित्र उठला. मला वाटलं, लघवीला. तो आलाच नाही. मध्यंतर झालं, मध्यंतर संपलं, नाही आला. माझ्या शेजारच्या माणसानं चप्पल काढली आणि पुढच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर दोन्ही पाय टाकले. टाचा भेगाळलेल्या, नखात काळं. नवी नवरी, पिवळ्या शालूत, त्या पायांच्या बाजूला ताठ बसली होती. एकदाही मान वळवली नाही तिनं. मी त्याला पाय काढ म्हणायला हवं होतं. पण पडद्यावर माझं आवडतं गाणं चालू होतं.

लोक उठून जायला लागले तेव्हा मित्र आला. कोपरापर्यंत ग्रीस, चेहऱ्यावर परमानंद. "त्या कूलरचं बेरिंग सुकलं होतं," तो बायकोला म्हणाला. "तिथल्या मानसाले काही समजत नव्हतं. आता दहा वर्षं पाहाचं काम नाई."

वहिनींनी त्याच्या हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यानंतर त्यांनी त्याला सिनेमाला चला असं कधीच म्हटलं नाही. कॉलनीतल्या बायकांबरोबर गेल्या, टीव्हीवर पाहिले, मग मोबाईल आला तेव्हा मोबाईलवर. मित्र कधी फर्स्ट शिफ्टला, कधी सेकंडला, कधी झोपलेला. कुणाचं काही अडलं नाही.

अडलं ते तो रिटायर झाल्यावर. एप्रिलातल्या एका सकाळी तो माझ्या व्हरांड्यात येऊन बसला. मी पेपर वाचत होतो. तो नेहमीप्रमाणे आधी माझ्या पंख्याकडे बघत राहिला, पंखा तब्येतीनं ठीक आहे अशी खात्री झाल्यावर म्हणाला, "तुले पिक्चरातलं समजते ना गा?"

"मले?" मी पेपर खाली ठेवला. आमच्या वस्तीतल्या गणपतीपासून गॅदरिंगपर्यंत प्रत्येक माईक माझ्या हातात असतो आणि सिनेमाचा विषय निघाला की तो कोणी परत घेऊ शकत नाही. "मले नाई समजनार तं कोनाले समजन?"

"मंग मले शिकव."

"काय शिकवू?"

"पाहाले. बसून. शेवटपर्यंत."

मग त्यानं सांगितलं. मुलगी पुण्याला नोकरीला. घरात दोघंच. "सात वाजले का ती कानात दोन वायरी घालते अन् मोबाईलात पिक्चर लावते. मी बाजूले बसतो. ती हासते, मी तिच्याकडं पाहतो. ती रडते, मी पाहतो. काहून हासून राहिली, काहून रडून राहिली, मले पत्ता नाई. मीटर हालते पन मशीन कोनती हाये तेच माईत नाई, असं होऊन राहिलं."

"मंग विचार ना तिले."

"विचारलं. म्हटलं एक वायर मले दे. तं म्हने, तुमाले कायले पाहिजे, तुमी उठून जाल." तो पुन्हा पंख्याकडे बघू लागला. "रागानं नाई म्हटलं गा. रागानं म्हटलं असतं तं बरं होतं."

मी हसण्याच्या तयारीत होतो, ती तयारी राहून गेली.

"तिची एक वायर माह्या कानात पाहिजे," तो म्हणाला. "बस. इतकंच काम हाये."

आता कोणत्याही शहाण्या माणसानं विचारलं असतं, वहिनींना कोणते सिनेमे आवडतात. मी विचारलं नाही. मला जे आवडतं ते मनुष्यजातीला आवडतं, हा माझा जुना आजार आहे. मी फुलस्केप कागद घेतला आणि सात सिनेमांची यादी केली. रुमाल कुठं काढायचा तिथं लाल शाईनं खूण. अव्वल नंबर अर्थातच तो अर्धा राहिलेला सिनेमा. त्यात मला मोठा काव्यात्मक न्याय दिसत होता. म्हटलं, आधी एकट्यानं पाहून सराव कर, मग वहिनींसोबत बस आणि जिथून उठून गेला होतास ते पुरं कर. मित्रानं कागदाची घडी शर्टाच्या खिशात ठेवली आणि जाता जाता माझ्या नळाचा वायसर बदलून गेला.

दहा-बारा दिवसांनी तो आला तेव्हा काखेत एक लांबडं रजिस्टर होतं. मी उत्सुकतेनं विचारलं, "पाहिले का?"

"तीन पाहिले. दुपारी. ती झोपते तवा." त्यानं चष्मा लावला, रजिस्टर उघडलं. आत पट्टीनं आखलेले रकाने. वेळ, नोंद, शेरा. हा माणूस सिनेमाचं लॉगबुक ठेवत होता.

"नंबर एक," तो वाचू लागला, शिफ्ट बदलताना पुढच्या माणसाला वाचून दाखवतात त्या सपाट आवाजात. "चौदावं मिनिट. मुलगी नाही म्हणाली. एकोणिसावं मिनिट. मुलगी नाही म्हणाली. एकतिसावं. नाही म्हणाली, थप्पड मारली. तेहतिसावं. हिरोनं गाणं चालू केलं."

"अबे, ते गाणं म्हंजे—"

"थांब. चाळिसावं. मुलीनं रस्ता बदलला. हिरो तिकडून आला. त्रेचाळीस. मुलगी रडली. हिरोनं तिची ओढणी घेतली अन् नाकाले लावली." त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "नाकाले काहून लावली?"

"प्रेम आहे बे ते."

"तिले पडसं असतं तं?"

मी कपाळावर हात मारला. तो शांतपणे शेऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवून वाचत होता. "शेरा. एकच अलार्म अकरा वेळा वाजला. अकराही वेळा बटण दाबून गप्प केला. कोणी जाऊन पाहिलं नाही. शेवटी लग्न."

दुसरा सिनेमा माझ्या आईचा लाडका. त्यात आई दुसऱ्यांच्या फरश्या पुसते, खोकते, आंधळी होते आणि देवळाच्या पायऱ्यांवर तिची दृष्टी परत येते. मी या पायऱ्यांवर प्रत्येक वेळी रडलेला माणूस. मित्राची नोंद, "आई एक तास बावन्न मिनिटं खोकली. डॉक्टर नाही." तिसऱ्यात एक मस्त विनोदी प्रसंग आहे, लग्नाच्या पंगतीत जाडा मामा पाय घसरून खिरीच्या कढईत पडतो आणि वर येऊन मिशा चाटतो. मी नुसता आठवला तरी हसतो. नोंद, "नंतर तीच खीर वाढली."

"वाढली?" मी विचारलं.

"वाढली ना. मांगं दिसते. दोन मानसं द्रोण भरून राहिले. तू पाहिलं नाई का?"

मी तो सिनेमा किमान पंधरा वेळा पाहिला असेल. द्रोण मला कधी दिसले नव्हते. आणि आता त्या खिरीत मला मामाच्या कुर्त्याचा घाम दिसायला लागला, मिशीतली तपकीर दिसायला लागली.

"मंग रविवारी नंबर एक लावतो तिच्यासोबत," मित्र रजिस्टर मिटत म्हणाला. "तू पयला लिहिला म्हंजे पयलाच चांगला असन. मले नाई समजला, ते माहं अज्ञान."

तो गेल्यावर मी चिडलो. हा माणूस प्रेमाकडे बॉयलर म्हणून बघतो, असं बायकोला ऐकवलं. बायको म्हणाली, "बॉयलरकडं नीट पाहते तरी." मला त्याला खोटं पाडायचं होतं. रविवारी दुपारी जेवून, पाय पसरून, कूलरसमोर मी तो सिनेमा लावला.

पहिली वीस मिनिटं मी ओठ हलवत संवाद म्हणत होतो. मग ती मुलगी नाही म्हणाली आणि माझ्या डोक्यात कोणीतरी सपाट आवाजात म्हणालं, चौदावं मिनिट. त्यानंतर काही खरं नव्हतं. हिरोच्या ओठांच्या कोपऱ्यात बोलताना पांढरी थुंकी जमते, हे मला तेव्हा प्रथमच दिसलं. तो मुलीच्या कानाशी येऊन गातो तेव्हा ती मान आखडते. अभिनय नाही तो, खरोखरच आखडते. त्याचा श्वास लागत असणार. पानाचा असेल. मी चाळीस वर्षं त्या मानेला लाज समजत होतो.

मग चाळिसावं मिनिट आलं. मुलगी रस्ता बदलते. हिरो सायकल वळवतो आणि प्रेक्षकांकडे बघून हसतो. त्या हसण्यावर आम्ही टॉकीज डोक्यावर घ्यायचो.

मी एकोणीस वर्षांचा असताना कॉलेजातल्या एका मुलीच्या मागं सायकलनं जायचो. हेच गाणं म्हणत. धरमपेठेतून तिचं घर सरळ रस्त्यानं दहा मिनिटांवर होतं. मी दिसलो की ती वळायची आणि तिच्या मामाच्या घरावरून, भर उन्हात, मैलभर फिरून जायची. मी तिकडूनही जायचो. दोन महिन्यांनी ती कॉलेजात यायची बंद झाली. तिचं लग्न ठरलं असेल, असं आम्ही मित्रांनी ठरवून टाकलं. हा किस्सा मी माईकवर कितीदा सांगितला आहे याला गणती नाही. "पोट्टी रस्ता बदलवे, पन आपन कुठं बदलतो," या वाक्यावर हमखास टाळी. बायका पण हसायच्या. सगळ्या हसायच्या का, हे मी कधी पाहिलं नव्हतं. कोण पाहतं, टाळी पडली की काम झालं.

अंघोळ केली ती त्यानंतर.

टॉवेल गुंडाळून उभा असतानाच डोक्यात आलं की आज रविवार. संध्याकाळी हाच सिनेमा तो वहिनींना दाखवणार. जन्मात पहिल्यांदा तो सिनेमाला बायकोशेजारी शेवटपर्यंत बसणार आणि मी त्याच्या हातात ही घाण दिलेली. त्या पुन्हा म्हणतील, तुम्हाला कायले पाहिजे, आणि या वेळी रागानं म्हणतील. मी फोन लावला. तो उचलत नाही, फोन त्याच्या दृष्टीनं टॉर्च आहे. साडेसहापर्यंत लावत राहिलो. शेवटी स्कूटर काढली. मानकापूरच्या पुढं कोराडी रोडला त्यांचं घर. रस्त्यावर कोळशाचे ट्रक, तोंडात राख आणि धूळ, दाताखाली कचकच. मी थुंकत थुंकत गेलो.

पोचलो तेव्हा सव्वासात झाले होते. दार उघडंच होतं. आत टीव्हीवर माझा हिरो गात होता. म्हणजे उशीर झाला होता.

दोघं दिवाणावर बसले होते, मध्ये मुरमुऱ्याच्या चिवड्याचा वाडगा. वहिनींच्या कानात वायरी नव्हत्या. मांडीवर ते लांबडं रजिस्टर होतं आणि हातात पेन.

"या भाऊजी," त्या म्हणाल्या. "हा पिक्चर तुमी लिहून देला म्हने."

"वहिनी, मी तेच सांगाले आलो. हा नका पाहू. दुसरा देतो."

"काहून? पाहू द्या ना. पयलाच अर्धा चालू हाये." त्यांनी रजिस्टर थोपटलं. "हे मले दुपारीच सापडलं, पलंगाखाली. म्हटलं हा मानूस दुपारभर काय लिहून राहिला चोरून. वाचलं."

मित्र चिवड्यात शेंगदाणे शोधत होता. अपराधी माणूस दिसतो तसाच, पण खुश.

"मी इतकी हासली," वहिनी म्हणाल्या, "का बाजूची पाहाले आली, काय झालं म्हनून." मग त्या टीव्हीकडे बघत, आवाज न बदलता बोलत राहिल्या. "हा पिक्चर मले कधीच नाई आवडला, भाऊजी. लग्नाच्या आंधी मी शिवनक्लासले जावो. एक मुलगा रोज मांगं मांगं ये, हेच गानं म्हनत. माह्या बाबानं क्लास बंद केला. त्याले कोनी काही नाई म्हटलं, माहा क्लास बंद झाला. अन् लग्न झाल्यावर पयल्यांदा टॉकीजमंदी गेली तं पडद्यावर हाच. सगळे शिट्ट्या मारून राहिले. मांगून तुमी पन."

खरं होतं. मांगून मी पण.

"अन् हे तं उठून गेले ग्रीस लावाले."

"मले सांगाचं होतं," मित्र म्हणाला.

"कवा सांगू? तुमी फर्स्ट शिफ्टले असतानी का सेकंडले?" पण त्या हसत होत्या. "तुमच्या त्या वहीत पाहिलं, अलार्म अकरा वेळा वाजला, कोनी जाऊन नाई पाहिलं. मंग म्हटलं, बसा आज. क्लासचं तवाच सांगितलं यांले, दुपारी, चहा पेता पेता."

त्याला बत्तीस वर्षांत माहीत नव्हतं ते त्याला त्या दुपारी कळलं होतं, आणि मला संध्याकाळी. मला तोंड लपवायला जागा हवी होती, पण कोपऱ्यातली प्लास्टिकची खुर्ची तेवढी रिकामी होती. "बसा भाऊजी, तुमचाच पिक्चर हाये," असं म्हणून वहिनींनी मला त्यात बसवलं. सायकलचा किस्सा माझ्या जिभेवर आला होता. या वेळी तो सांगायला फार वेगळा लागला असता. मी गिळला. आता वाटतं, सांगायला हवा होता.

आम्ही तिघं पाहू लागलो. वहिनी बोलायच्या, मित्र मान हलवायचा, मग वहिनी लिहायच्या. "नाकाले लावली, लिही," मित्र म्हणायचा. "लिहिलं." "तिले विचारलं का त्यानं एकदा तरी, जेवली का म्हनून?" वहिनी विचारायच्या. "नाई विचारलं." "लिहिते." एका ठिकाणी हिरोनं स्वतःच्या रक्तानं चिठ्ठी लिहिली आणि ती मुलीनं कपाळाला लावली. दोघांनी एकाच वेळी, एकाच सुरात "छी" केलं आणि एकमेकांकडे बघून इतके हसले की वाडगा कलंडला. मी तीस वर्षं सिनेमावर बोलतो आहे. माझ्या शेजारी बसून माझी बायको असं हसल्याचं मला आठवत नाही. मी बोलत असतो ना.

मग मला घड्याळ दिसलं. सिनेमा सुरू होऊन एक तास होत आला होता. मी मित्राकडे पाहिलं. त्याचे तळवे गुडघ्यांवर गेले होते. चौतीस वर्षांची सवय होती ती, डोक्याला न विचारता शरीर उठतं. मी मनात म्हणत होतो, बस, बस लेकाच्या, आज तरी बस.

तो उठला. चप्पल पायात सरकवली आणि आत निघून गेला.

वहिनींनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. उशीवरचा रिमोट उचलला आणि बटण दाबलं. पडद्यावर हिरो गाण्याच्या मधोमध थांबला. तोंड उघडं, वरचे दात दिसताहेत, खालच्या दाढेत काळं काहीतरी, आणि वरच्या ओठापासून खालच्या ओठापर्यंत लाळेची एक बारीक तार. त्रेचाळीस इंचांवर. वहिनी सांडलेले मुरमुरे वेचत होत्या. मी त्या तोंडाकडे पाहत बसलो, दुसरीकडे पाहायला काहीच नव्हतं. आतून नळ घट्ट केल्याचा आवाज आला. मग गॅलरीत कूलरचं झाकण उघडल्याचा.

"पंपाचा आवाज येगळाच येत होता," मित्र हात पुसत येऊन बसला.

"मंग?"

"पाहिला. कचरा अडकला होता."

"झालं?"

"झालं."

वहिनींनी रजिस्टर त्याच्या मांडीवर दिलं, पेन त्याच्या हातात दिलं, वाडगा आपल्याकडे ओढला आणि बटण दाबलं. हिरोनं तोंड मिटलं.